धुपणीवर फोडलेलं खापर

परतवाड्यात प्रॅक्टिस सुरू केल्यापासून एक वाक्य मी सतत ऐकत आले आहे. सासू बोलते, सून खाली मान घालून बसलेली असते. "मॅडम, हिले धुपणी हाय न, म्हणूनच लेकरू रायत नाही."

अंगावरून पांढरं जाण्याला आमच्याकडे धुपणी म्हणतात. तपासल्यावर पुष्कळदा कवडी दह्यासारखा स्राव दिसतो आणि खाजवून खाजवून लाल झालेली त्वचा. काचपट्टीवर त्यातला ठिपका घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पेशी विरघळतात आणि बुरशी उरते. पेराला पेर जोडत गेलेल्या मेळघाटातल्या बांबूसारखे लांब धागे, त्यांना चिकटलेले इवले कोंब. ही कॅन्डिडा. सुनेला मी सूक्ष्मदर्शकातून ते दाखवते. आपल्या आजाराला आकार आहे, तो शाप नाही, हे पाहिल्यावर तिला पटतं.

ही बुरशी शुक्राणू मारते का? प्रयोगशाळेत वीर्यात भरपूर कॅन्डिडा मिसळली तर शुक्राणूंची चाल मंदावते, काही एकमेकांना चिकटतात. पण शरीरात तसं घडत नाही. योनी मुळातच आम्लधर्मी असते, पीएच साधारण 3.8 ते 4.5. बुरशी झाली तरी तो फारसा बदलत नाही. वीर्य अल्कधर्मी असल्यामुळे ते आम्ल काही काळ थोपवतं आणि तेवढ्यात चपळ शुक्राणू गर्भाशयमुखाच्या चिकट पाण्यात शिरतात. बीज सुटण्याच्या दिवसांत तिथे ते पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. बुरशी मात्र योनीच्या अस्तरावरच राहते, गर्भनलिकांपर्यंत सहसा चढत नाही. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि गरोदरपणात तर तो वाढतोच. बुरशीने मूल अडलं असतं, तर आमच्याकडे बाळंतपणं झालीच नसती.

नुकसान होतं ते दुसऱ्या वाटेने. आग होते, संबंध नकोसा होतो, आणि नेमके महिन्यातले मोलाचे दिवस निघून जातात. त्यावर कुणी लिंबूपाण्याने, कुणी डेटॉलने आतून धुते. त्याने अस्तर आणखी सोलवटतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने क्लोट्रिमॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या घेतल्या तर बहुतेकींना आठवडाभरात आराम पडतो. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर दुकानातून फ्लुकोनॅझोल आणून गिळू नये. त्रास वर्षात तीन-चारदा उलटला तर रक्तातली साखर बघायलाच हवी.

मात्र प्रत्येक पांढरं बुरशीचं नसतं. वास येत असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, ओटीपोट दुखत असेल, तर ते वेगळं दुखणं. क्लॅमिडिया, परमा आणि आपल्याकडे क्षयरोग, हे खरोखर नलिका बंद करतात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के बायकांना स्त्रीरोग आढळले. आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त 8 टक्के होत्या. मला हा दुसरा आकडा जास्त छळतो. न तपासताच धुपणी म्हणून अंगावर काढायचं, आणि मूल झालं नाही की खापर तिच्यावरच फोडायचं.

त्या सासूला मी एवढंच विचारते, "मुलाची तपासणी झाली का?" उत्तर बहुधा नाही असंच येतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत नवऱ्याच्या बाजूनेही कारण असतं. वीर्यतपासणीला दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक स्वच्छ डबी लागते. तिच्या नलिकांची दुर्बिणीने तपासणी करायची तर भूल द्यावी लागते. म्हणून माझी विनंती आहे, दवाखान्यात दोघं या, आणि डबी आधी त्याच्या हातात द्या.