वाद्यांविना

लिंबायतमध्ये लूमचा खडखडाट दिवसभर कानात असतो. म्हणूनच की काय, मला नुसता गळा ऐकायला आवडतो. प्रतिक्रमणात ना पेटी, ना तबला.

स्पेनचा तोमास लुईस दे व्हिक्टोरिया पाद्री होता आणि संगीतकारही. 1603 मध्ये सम्राज्ञी मारिया माद्रिदला वारली. तिच्यासाठी त्याने सहा आवाजांची प्रार्थना रचली, 1605 मध्ये छापली. आज ती बहुधा वाद्यांविनाच गातात. लॅटिन मला अक्षर कळत नाही. (प्राकृत तरी कुठे सगळं कळतं म्हणा!) एक आवाज सुरू होतो, बाकीचे हळूच मागून येऊन मिळतात.

मी अडकले ती अर्पणपत्रिकेपाशी. ती मारियाच्या लेकीला, मार्गारिताला आहे. राजघराणं सोडून ती माद्रिदच्याच मठात साध्वी झाली होती.

माझ्या धाकट्या बहिणीने दीक्षा घेतली. आई गेली तेव्हा ती दूर विहारात होती. "साध्वीला कुठली आई?" सगळे म्हणाले. शास्त्र मला पटतं. तरी मार्गारिताचा हेवा वाटतो.

आता चातुर्मासात दर्शनाला गेले की महाराजसाहेबांपुढे बसून आईचं आवडतं स्तवन म्हणते. त्या डोळे मिटून ऐकतात. बोलत काही नाहीत.