हजेरी लावणारी किल्ली



आज पाठाऐवजी किल्लीबद्दल लिहिते आहे. पाठही येईल त्यात, पण शेवटी. आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत जाण्यायेण्यासाठी जुनी गाडी घेतली आहे, आणि त्यातल्या अनेकांकडे तिची एकच किल्ली आहे हे मला स्टाफरूममधल्या गप्पांवरून माहीत आहे. माझ्याकडेही चार वर्षं एकच होती.

मी साताऱ्यात राहते. शाळा जावळी तालुक्यात, घरापासून २६ किलोमीटरवर. द्विशिक्षकी शाळा आहे. यजमान नोकरीसाठी सोमवार ते शुक्रवार पुण्यात. त्यामुळे कराडच्या एका निवृत्त काकांकडून २०१३ ची गाडी घेतली तेव्हा माझं लक्ष इंजिन, टायर आणि हप्ता यावरच होतं. काका म्हणाले, "दुसरी किल्ली घरात कुठंतरी आहे, सापडली की देतो." मी म्हटलं, "काही घाई नाही." त्या वाक्याची किंमत पुढं कळली.

जुलैतला पावसाळी दिवस होता. सर प्रशिक्षणाला गेलेले. पाच वाजता शाळा सुटली, पोषण आहाराचा दुसऱ्या दिवशीचा तांदूळ मोजून स्वयंपाकी ताईंकडे दिला, खोल्यांना कुलपं लावली आणि गाडीपाशी आले तर किल्ली नाही. पर्स उपडी केली. कपाट, टेबलाचा खण, हजेरीपत्रकं, व्हरांडा, स्वच्छतागृह, मैदानातला चिखल, सगळं पाहिलं. साडेपाचची एसटी डोळ्यांदेखत गेली. माझी मुलगी सहा वर्षांची. ती शाळेतून पाळणाघरात जाते आणि पाळणाघर साडेसहाला बंद होतं. गावात रेंज फक्त देवळाच्या पायऱ्यांवर. तिथं भिजत उभं राहून मी पाळणाघराच्या ताईंना फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. घरी दुसरी किल्ली असती तर शेजारच्या काकूंच्या मुलानं बाइकवरून तासाभरात आणून दिली असती. पण ती नव्हतीच.

किल्ली सापडली ती स्वयंपाकी ताईंच्या दुसरीतल्या मुलीमुळं. ती म्हणाली, "बाई, तुम्ही तांदूळ काढताना वाकला होता की." अर्धं पोतं ताडपत्रीवर ओतलं, तेव्हा तळाच्या बाजूला किल्ली दिसली. पाळणाघराशी पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. ताई बिचाऱ्या थांबल्या होत्या. लेक दप्तर पाठीला, बूट पायात, तशीच भिंतीला टेकून झोपली होती. तिला उचलताना ती झोपेतच म्हणाली, "आई, तू विसरलीस का?"

त्याच शनिवारी सकाळची शाळा करून मी किल्ली बनवायला निघाले.

आधी कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. गाडीचं आरसी बुक, आधार कार्ड, अर्ज, चासी नंबरवरून किल्ली मागवणार, दहा-बारा दिवस लागणार आणि खर्च ६,४०० रुपये. मी सहज विचारलं, "आणि असलेली किल्लीच हरवली असती तर?" काउंटरवरच्या मुलानं सांगितलं की मग गाडी टो करून आणावी लागेल, कदाचित सगळा लॉकसेट बदलावा लागेल, पंधरा हजारांच्या घरात जाईल. हे ऐकून मला पहिला आकडा स्वस्त वाटायला हवा होता, पण महिनाअखेर होती. मी "कळवते" म्हणून बाहेर पडले.

मग रस्त्याकडेच्या एका किल्लीवाल्याकडे. त्यानं माझी किल्ली यंत्रात धरली, पाच मिनिटांत दुसरी घासून काढली. १५० रुपये. दोन्ही एकाच रिंगमध्ये अडकवून त्यानं गाडी लावून दाखवली. झकास चालू झाली! सहा हजार वाचले म्हणून मी येताना मुलीसाठी कंदी पेढेसुद्धा घेतले. घरी आल्यावर नवी किल्ली रिंगमधून सुटी काढली, पहिली देवघरात ठेवली आणि खाली येऊन गाडी लावली. इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदांत बंद. पुन्हा तेच. समोर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, गाडीच बिघडवून आणली की काय. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, बॅटरी लूज असेल."

बॅटरीला काही झालं नव्हतं. हे मला दुसऱ्या कारागिराकडं कळलं, आणि हाच भाग तुम्हाला सांगायचा आहे.

आपल्या किल्लीचं पातं दार उघडतं आणि इग्निशनचं कुलूप फिरवतं. पण तिच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. किल्ली फिरवली की त्या वेटोळ्यातून वीज जाते, चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यावरच चिपला क्षणभरापुरती ऊर्जा मिळते. म्हणून चिपला सेल लागत नाही. मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. जागी झालेली चिप आपली ओळख सांगते. ती पटली तरच गाडीतला संगणक इंजिन चालू राहू देतो. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली, कारण नुसत्या तारा जोडून गाड्या पळवणं फार सोपं होतं.

म्हणजे माझ्या १५० रुपयांच्या किल्लीत चिप नव्हतीच. त्या दिवशी गाडी चालू झाली ती शेजारी लटकणाऱ्या जुन्या किल्लीच्या चिपमुळं! कॉपी करणाऱ्या मुलाला शेजारच्याचं उत्तर मिळावं तसं झालं. त्यामुळं एक गोष्ट लिहूनच ठेवा. नवी किल्ली तपासताना जुनी किल्ली रिंगमधून काढा आणि लांब उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हातात द्या. तशी गाडी निदान पाच मिनिटं चालली पाहिजे.

हा दुसरा कारागीर मला एका रिक्षावाल्या पालकांनी सुचवला. दुकान जेमतेम आठ बाय दहाचं, पण आत लॅपटॉप आणि वायरी. त्यानं पहिल्यांदा काय मागितलं असेल? आरसी बुक आणि आधार. मला रागच आला. म्हटलं, "दोन हजारांच्या किल्लीला एवढी कागदपत्रं?" तो शांतपणे म्हणाला, "ताई, उद्या कुणी तुमच्याच गाडीची किल्ली माझ्याकडून करून नेली तर?" माझं नाव, गाडी नंबर, तारीख त्यानं वहीत लिहून घेतली आणि सही घेतली. आता मी सगळ्यांना सांगते, जो कागद मागत नाही त्याच्याकडं किल्ली करू नका.

त्यानं दोन रस्ते सांगितले. एक, जुन्या चिपची हुबेहूब नक्कल दुसऱ्या चिपवर उतरवायची. गाडीला वाटतं, तीच किल्ली आली. हे माझ्या गाडीत १,५०० रुपयांत होत होतं. दुसरा, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडून गाडीलाच सांगायचं की ही नवी किल्लीही आपलीच. त्याला २,२००. बटणांचा रिमोट हवा असेल तर ३,६००. मी १,५०० वर बोट ठेवलं होतंच. पण त्यानं यंत्र जोडून पडदा माझ्याकडं वळवला. नोंदलेल्या किल्ल्या: २.

दोन! माझ्याकडं तर एकच. म्हणजे कराडच्या काकांची "कुठंतरी" असलेली किल्ली अजून माझी गाडी चालू करू शकत होती. काका सज्जन आहेत, त्यांच्यावर शंका नाही. पण किल्ली कुणाच्या हाती पडली असेल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. नक्कल केली असती तर ती तशीच जिवंत राहिली असती. मी २,२०० चं करायला सांगितलं. त्यानं जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या आणि समोर असलेल्या दोनच किल्ल्या पुन्हा नोंदवल्या. हरवलेली किल्ली आता दार उघडेल, पण गाडी नेणार नाही. (घासाघीस करून मी २,००० दिले. सवय!)

म्हणूनच नोंदणीला जाताना असतील तेवढ्या किल्ल्या सोबत न्याव्या लागतात. घरी राहिलेली एखादी पुसली गेली तर दुसरी चक्कर आणि दुसरा खर्च. सगळ्याच गाड्यांत बाहेरच्या कारागिराला हे करता येतं असं नाही. काहींना कंपनीकडं असलेला गुप्त आकडा लागतो. तेव्हा आधी फोनवर गाडीचं मॉडेल आणि साल सांगून विचारा. भंगारातल्या किल्लीच्या मोहात पडू नका. बऱ्याच गाड्यांत एकदा नोंदलेली चिप दुसऱ्या गाडीला चालत नाही.

रिमोट मी घेतला नाही. कुलूप उघडणारं बटण ही सोय आहे, गाडी चालू होण्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या साध्या किल्लीतला रिमोटचा सेल संपला तरी चिप काम करतेच. जादाची किल्ली वर्षातून दोनदा लागणार, तिला १,४०० रुपये कशाला?

एक गोष्ट मात्र मी आधी केली असती तर बरं झालं असतं. नव्या गाडीबरोबर अनेकदा किल्लीला बांधलेला धातूचा छोटा बिल्ला येतो, त्यावर किल्लीचा नंबर असतो. त्या नंबरावरून मूळ मापाची किल्ली कापता येते. नाहीतर झिजलेल्या किल्लीची नक्कल म्हणजे तिच्या झिजेचीही नक्कल. मी काकांना फोन केला. किल्ली सापडली नाही, पण बिल्ला त्यांच्या जुन्या फायलीत होता! त्यांनी पोस्टानं पाठवला. जुनी गाडी घेणार असाल तर व्यवहाराच्या दिवशीच दोन किल्ल्या आणि बिल्ला मागा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, हेही मला उशिराच समजलं.

आता पाठ. चौथीच्या वर्गात मी दोन्ही किल्ल्या नेल्या. चिपची आणि १५० वाली. ती टाकली नव्हती, शैक्षणिक साहित्य म्हणून ठेवली होती. मुलांना गाडीपासून लांब ओळीत बसवलं, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला. चिपच्या किल्लीनं गाडी चालू. मग डब्यातल्या पोळीभोवतीचं फॉइल काढून तिच्या काळ्या डोक्याला दोन पदर घट्ट गुंडाळले. तीच किल्ली, तेच कुलूप, पण लाल दिवा लुकलुकला आणि इंजिन बंद. "आँ!" फॉइल काढलं, पुन्हा चालू. चारदा करायला लावलं मला.

मी सांगितलं, "कुलूप हजेरी घेतं आणि किल्ली म्हणते, हजर. फॉइलमुळं आवाजच पोचला नाही." शेवटच्या रांगेतला एक जण, जो एरवी पाढ्यांना तोंड उघडत नाही, तो उठून म्हणाला, "बाई, पण दुसऱ्यानंच हजर म्हटलं तर?"

डीएडला असताना असा प्रश्न मला सुचला नसता. मी म्हटलं, "बरोबर. जुन्या चिपा नेहमी एकच उत्तर द्यायच्या. मग हुशार लोकांनी काय केलं, कुलूप दरवेळी नवीन गणित घालतं. आज सात त्रिक, उद्या नऊ साते. आणि गणित सोडवायची रीत फक्त त्या दोघांनाच ठाऊक." तो खाली बसला आणि शेजारच्याला "आठ सक?" विचारायला लागला. दुपारभर वर्गात एक कुलूप आणि एक किल्ली अशा जोड्या पाढे घालत होत्या. ज्याचं चुकलं त्याची गाडी बंद. त्या दिवशी पाढ्यांचा तास वेगळा घ्यावा लागला नाही.

नवी किल्ली शेजारच्या काकूंकडं ठेवली आहे, त्यांच्या दाराच्या आतल्या खुंटीवर. लेकीला ती खुंटी दाखवली. तिनं किल्ली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ही तांदळात पडली तरी चालेल?"