रेंज कुठं मिळते?

‘जालना, सोन्याचा पाळणा’ असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. १ मे १९८१ रोजी आमचा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा माहेरी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल लावून ताटकळायचं. आता घरोघरी मोबाईल आले, पण ताटकळणं काही पुरतं संपलेलं नाही!

शहरात फाइव्ह-जी आहे. दुपारी मुलांचा अभ्यासाचा व्हिडिओ झटकन उघडतो आणि रात्री मात्र चाक नुसतं गरगरत राहतं. मैत्रिणींनो, हे आपल्या नळासारखंच आहे. सगळ्या गल्लीनं एकदम मोटारी लावल्या की धार बारीक होते ना, तसा एका टॉवरचा वेगही सगळ्यांत वाटला जातो.

अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर उभं राहिलं, तर खालचं गाव कसं उघडं दिसतं! टॉवरलाही उंची लागते ती यासाठीच. पुढं घनसावंगी तालुक्यात, समर्थ रामदासांच्या जांबकडं जाताना मोसंबीच्या बागा लागतात. या बाजूच्या खोलगट वस्त्यांवर बोलता बोलता आवाज तुटतो. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडं अजिंठ्याच्या डोंगररांगा लहरी अडवतात. त्यात घर पत्र्याचं असलं, तर आत रेंज येणार कुठून? वीज बराच वेळ गेली, तर टॉवरच्या बॅटऱ्याही मान टाकतात.

नुसत्या गप्पाच असत्या, तर चाललं असतं हो. पण २०२५ साली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली आणि बायकांचे महिन्याचे पंधराशे रुपये ओटीपीवर येऊन ठेपले. ओटीपीची मुदत मोजक्या मिनिटांची. आधारला नंबर नवऱ्याचा आणि फोन त्याच्या खिशात, शेतावर! मग गच्चीवर चढून तरी काय उपयोग?

म्हणून गावाकडच्या जावा-नणंदांना मी तीन गोष्टी आवर्जून सांगते. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. ओटीपी मागवण्याआधीच अंगणात किंवा गच्चीवर, जिथं रेंज टिकते तिथं जाऊन उभ्या राहा. आणि फोन लागत नसेल, तर साधा मेसेज पाठवा. त्याला अगदी थोडी रेंजही पुरते.

टॉवर कुठं उभा राहावा, हे आपल्या हातात नाही. पण ग्रामसभेत तसा अर्ज द्यायला काय हरकत आहे? पाण्यासाठी हंडे घेऊन जातोच ना आपण!