जुन्या संगणकाचे निर्लेखन

सरकारी कार्यालयात संगणक 'जुना' केव्हा होतो, हे यंत्रापेक्षा लेखाशीर्षावर अधिक अवलंबून असते. खरेदीचे शीर्ष वेगळे, दुरुस्तीचे वेगळे. मार्च महिन्यात खरेदीच्या शीर्षाखाली रक्कम शिल्लक असली की चालता संगणकही एकाएकी मंद वाटू लागतो; शिल्लक नसली की सुरू व्हायला सात मिनिटे घेणारे यंत्र 'समाधानकारक' या शेऱ्यानिशी आणखी तीन वर्षे टेबलावर राहते. त्यात नेमके काय बिघडले आहे, हे पाहण्याची जबाबदारी या साखळीत कुणाचीच नसते.

हा विषय पुन्हा मनात घोळू लागला तो झाशीला बदली झाल्यावर. परप्रांतात राहणाऱ्या वाचकांना तिथल्या मराठी मंडळाचे वर्णन करण्याची गरज नाही. गणेशोत्सव, हळदीकुंकू, पुस्तकांचे एक कपाट आणि वर्गणीची पावतीपुस्तके हा संसार सर्वत्र सारखाच. झाशीत मात्र त्यामागे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास उभा असतो. १७४२ मध्ये नारो शंकर सुभेदार म्हणून आले, पुढे नेवाळकरांचा अंमल झाला, आणि त्यांच्याबरोबर कोकणातली व देशावरची कुटुंबे जुन्या शहरात स्थिरावली. १८४२ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचा विवाह ज्या गणेश मंदिरात झाला, ते याच जुन्या शहरात आहे.

बडा बाजारातील अशाच एका छोट्या मंडळाच्या खोलीत २०१३ साली घेतलेला एक संगणक होता. मंडळाच्या चिटणीस बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी त्यावर पाच वर्षे खपून शहरातील मराठी कुटुंबांची नोंदवही टंकलिखित केली होती: मूळ गाव, कुलदैवत, जन्म, विवाह, मृत्यू, कोण ग्वाल्हेरला गेले, कोण इंदूरला. ज्या वह्यांवरून हे उतरवले, त्यांना पुढे एका पावसाळ्यात वाळवी लागली. म्हणजे संगणकातली प्रत ही आता एकमेव प्रत होती, आणि संगणक मध्येच बंद पडू लागला होता.

२०२५ च्या पावसाळ्यात बाईंनी विचारले, "साहेब, आमच्याकडे सहा हजार आहेत. एवढ्यात काही होईल का?" नव्या संच-प्रिंटरचे दरपत्रक बत्तीस हजारांचे होते. वर्गणीतून तेवढी रक्कम जमायला दोन गणेशोत्सव लागले असते.

त्याच गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या तरुणाने यंत्र उघडले, धुळीचा एक जाड थर फुंकला आणि म्हणाला, "साहब, पहले फॉर्मेट मार देते हैं, फिर देखेंगे।" त्याला थांबवले. आधी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला जोडून घेतली, सर्व फाइली उतरवल्या, आणि ज्या मराठी फॉन्टमध्ये त्या होत्या त्या फॉन्टची फाइलही उतरवली. युनिकोडपूर्व पद्धतीचे हे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवतात. फॉन्ट हरवला की सगळी वही इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसते. मजकूर जागेवर असतो, वाचणारा नसतो. मोडीचे असेच झाले: दप्तरे शिल्लक राहिली, वाचक विरळ झाले.

मग खर्चाचा हिशेब. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा इंटेल, मेमरी अवघी २ जीबी, आणि फिरत्या तबकडीची हार्डडिस्क. मंदपणाचे मूळ प्रोसेसरमध्ये नसून या शेवटच्या दोहोंत होते. फिरत्या डिस्कला एखादी नोंद शोधायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्साही लागत नाही. बोर्ड जुना असल्याने त्याची साटा जोडणी सेकंदाला ३ गिगाबिटची, म्हणजे एसएसडीची पूर्ण क्षमता वापरली जाणार नव्हतीच; पण शोधाचा वेळ वाचतो तो वाचतोच. २५६ जीबीची एसएसडी १,६५० रुपयांना आली, वापरलेल्या मेमरीच्या दोन पट्ट्या ९०० ला. यंत्र मध्येच बंद पडे ते वीजपुरवठ्याच्या पेटीमुळे, ती ८५०. तारीख दरवेळी मागे जाई, त्याला बोर्डावरचा पन्नास रुपयांचा सेल पुरला. साफसफाई आणि मजुरी मिळून ७००. उरलेल्या पैशांत यूपीएसची बॅटरी ९०० ला आणि नोंदवहीच्या प्रतींसाठी ९०० चे दोन पेनड्राइव्ह. पन्नास रुपये परत आले. त्यांची बाईंनी रीतसर पावती केली.

विंडोजचा प्रश्न वेगळा होता. विंडोज ७ चे सुरक्षा-साहाय्य २०२० च्या जानेवारीतच थांबले होते, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून लिनक्स मिंट बसवले; ते फुकट मिळते. इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच. बाईंना आठवडाभर नवे वळण नकोसे वाटले, मग सवय झाली.

कार्यालयात हेच यंत्र असते तर काय झाले असते, याचा विचार मनातून जात नाही. निर्लेखन समितीसमोर ते आले असते. जडसंग्रह नोंदवहीतल्या क्रमांकाशी पेटी, पडदा, कळफलक, माऊस ताडून पाहिले असते आणि लिलावात ते गेले असते. अशा समित्यांवर मी बसलो आहे. माऊस गहाळ असल्याची चर्चा अर्धा तास झालेली आठवते. डिस्कवर काय आहे, हा प्रश्न माझ्याखेरीज कुणी विचारल्याचे आठवत नाही. वास्तविक केंद्र सरकारच्या दप्तराला लागू असलेल्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही अभिलेखाच्या व्याख्येत येते, आणि विहित पद्धतीवाचून ती नष्ट करता येत नाही. पण निर्लेखनाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही, आणि रकाना नसलेली गोष्ट सरकारात सहसा घडत नाही. एका ओळीचा रकाना वाढवायला किती खर्च येईल?

झाशीच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची १८५८ मध्ये कशी धूळधाण झाली, ते गोडसे भटजींनी 'माझा प्रवास' मध्ये नोंदवले आहे. तिथे निदान लुटारू बाहेरून आले होते.

नोंदवही युनिकोडमध्ये आणण्याचे काम मात्र सहा हजारांत बसणारे नव्हते. ते माणसांचे काम आहे. परिवर्तकाने बराचसा मजकूर नीट आणला, पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे जोडाक्षरांपाशी वेलांट्या भलतीकडे जाऊन बसल्या. रफार पुढच्या अक्षरावर सरकले. सर्वांत हाल झाले ते चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र चे, जो हिंदीत नाहीच. झाशीत कऱ्हाड्यांची घरे पुष्कळ, आणि परिवर्तकाने त्यांना कुठे 'कर्हाडे' केले, कुठे नुसते 'कहाडे'. दुरुस्तीवाला तरुण हसून म्हणाला, "मैडम, इतने से क्या फ़र्क पड़ता है?" बाईंनी त्याला समोर बसवून तो र काढून दाखवला.

आता दर रविवारी दोन ज्येष्ठ सभासद मोठ्याने नावे वाचतात आणि बाई पडद्यावर दुरुस्त करतात. जुनी डिस्क फॉन्टच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे. परवा कळले, काम 'प' पर्यंत आले आहे.