बोलावणाऱ्याचे नाव

हैदराबादेतील जामबागेच्या फुलबाजारात शेवंतीचा भाव करीत असता, आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील, परिचारिकेचा अभ्यास नुकताच पुरा केलेली ख्रिस्ती मुलगी सहज म्हणाली, "काका, मला टांझानियाचं बोलावणं आलंय", आणि मी काही विचारण्यापूर्वीच म्हातारा फूलवाला, ज्याला मराठी व्यवहारापुरतेच कळते, पुडीचा दोरा दातांनी तोडीत म्हणाला, "किसने बुलाया, बेटी?" मुलगी हसली. तिने बोलावणाऱ्याचे नाव सांगितले नाही, दवाखान्याच्या गावाचे सांगितले.

मिशनऱ्यांची चरित्रे मी आवडीने वाचतो; परंतु ज्यांत अमुक रात्री अमुक घटकेस दिव्य प्रकाश अवतरतो, ती मला मानवत नाहीत. ईश्वराचे बोलावणे आले तरी मंजुरी समितीचीच लागते, अर्ज दप्तरात फिरतो, वैद्यकीय तपासणी होते, हे प्रांजळपणे सांगणारा चरित्रकार मला अधिक विश्वसनीय वाटतो. शिवाय सर्वच बोलावणी मुक्कामास पोचतात असेही नाही. 1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या उमेदीने, आणि आड आला तो वाढता बहिरेपणा! त्याच वर्षी आनंदीबाई जोशी, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे बंगालातील श्रीरामपुरच्या सभेत सांगून, अमेरिकेस निघाल्या.

काचिगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या मीटर गेजच्या गाडीत, नांदेड-परभणीकडच्या लग्नकार्यांना निघालेल्या आमच्या कुटुंबाच्या प्रवासात एक विधी ठरलेला असे: कामारेड्डी मागे पडून डिचपल्ली जवळ आले की आजी, ऐन वैशाखातसुद्धा, डब्याच्या खिडक्या लावून घेई, कारण तेथे महारोग्यांचा दवाखाना होता आणि रोग वाऱ्यावर बसून येतो याविषयी तिची खातरी होती. उकाड्याने जीव कासावीस होई; फटीतून झाडे तेवढी दिसत. ज्या दवाखान्याच्या वाऱ्यालाही आम्ही भीत होतो, तो उभारणारी बाई मात्र स्कॉटलंडच्या थंड किनाऱ्याकडून आपण होऊन तेथे आली होती, हे मला फार पुढे कळले. डॉ. इझाबेल कर 1903 साली ॲबर्डीन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन, 1907 मध्ये धर्मोपदेशक पतीसह निझामाच्या मुलखात दाखल झाल्या. निजामाबादेत महारोगी पुढे येऊन उभे राहू लागले, इतरांत त्यांना ठेवून घेण्याची सोय नव्हती, म्हणून 1911 च्या सुमारास उपचाराची निराळी तजवीज सुरू झाली; आणि राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थाच्या देणगीच्या बळावर 1915 मध्ये डिचपल्लीचे रुग्णालय उभे राहिले. स्वदेशातून निघताना त्यांच्या कानी जी काही हाक आली असेल तिच्यात महारोग होता की नव्हता, कोण जाणे. मला तर दारात उभ्या राहिलेल्या त्या रोग्यांचीच हाक खरी वाटते, आणि तिला धर्म लावण्याची घाई करू नये असेही वाटते.

उपचार म्हणजे कडू कवठाच्या तेलाची टोचणी. झाड आपल्या सह्याद्रीतले, त्वचारोगांवर त्याचे तेल कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चोळलेले. परंतु ते टोचण्याची पद्धत घडवण्यात पुढाकार घेतला तो कलकत्त्याच्या डॉ. अर्नेस्ट म्यूर यांनी, जे स्वतः बंगालात मिशनरी वैद्य म्हणूनच आले होते. टोचणी दुःसह, गुण बेभरवशाचा. खरे औषध डॅप्सोन, ते 1940 नंतरच्या दशकात हाती आले. तेव्हा इझाबेलबाई हयात नव्हत्या. 12 जानेवारी 1933 रोजी त्या डिचपल्लीतच वारल्या.

आता वारा उलट वाहू लागला आहे म्हणावे, तर जालन्याच्या मिशनवस्तीत वाढलेली, टांझानियाचे बोलावणे आलेल्या त्या मुलीची आई तसे मानायला तयार नाही. परवा ती माझ्याकडे आली ती पीतज्वराच्या लशीचा दाखला कोठे मिळतो हे विचारण्याच्या निमित्ताने, आणि बोलता बोलता खऱ्या मुद्द्यावर आली: "भाऊ, तिकडं भाकरीचं काय?" ज्वारी मुळात आफ्रिकेतलीच, टांझानियात ती अजून पिकते, असे मी तिला सविस्तर समजावले. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण तवा लोखंडी मिळंल का?"