सरपंचबाई दुसऱ्या वर्षी घडते

पुणे, रविवार

प्रिय मृणाल,


तू पाठवलेलं प्रशिक्षण शिबिराचं वेळापत्रक मिळालं. तीन दिवस निवासी. पहिल्या दिवशी व्यक्तिमत्त्व विकास, दुसऱ्या दिवशी भाषणकला, तिसऱ्या दिवशी योजनांची माहिती, मग प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. जिल्ह्यातल्या नव्या महिला सरपंचांसाठी तू इतकी मन लावून आखणी करते आहेस, याचंच मला समाधान आहे. मत विचारलंस म्हणून लिहिते. जरा लांबेल, कारण माझी सगळी नोकरी पंचायतींच्या प्रशिक्षणात गेली आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी एक जुना अभ्यास सांगते. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शेतीची यंत्रं बनवणारी मोठी कंपनी होती. ती आपल्या फोरमन लोकांना शिकागोच्या प्रशिक्षण शाळेत पाठवायची. कामगारांशी कसं वागावं, त्यांचं ऐकून कसं घ्यावं, हे तिथे शिकवत. अभ्यासक्रम संपताना भरलेल्या प्रश्नावल्यांत फोरमनचे विचार बदललेले दिसत. एडविन फ्लाइशमन हा संशोधक मात्र तेवढ्यावर थांबला नाही, तो त्यांच्यामागून कारखान्यात गेला. तिथे बदल टिकलेला नव्हता. फोरमन हाताखालच्यांशी कसा वागतो, हे त्याचा वरचा साहेब कसा वागतो त्यावर ठरत होतं. हे १९५३ साली छापून आलं. इतक्या वर्षांनंतरही आपण शिबिर संपताना अभिप्रायाचा कागद भरून घेतो आणि काम झालं असं समजतो, याचं मला वाईट वाटतं.

तुझ्या हॉलमधून उठून सरपंचबाई जाते कुठे, याचा विचार कर. ग्रामसेवक तोच, उपसरपंच तोच, पंचायत समितीतले साहेब तेच, आणि बहुतेक घरांत दौऱ्यावर जाणारे ‘सरपंचपती’ही तेच. त्यांच्यापैकी कुणालाच तू बोलावलेलं नाहीस.

त्यात सरपंचाचं कामही बदललंय. २०१५ पासून, चौदाव्या वित्त आयोगापासून, निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. पुढे पेमेंट ऑनलाइन झालं आणि त्याला सरपंच व ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागू लागली. ती सही पेनड्राइव्हएवढ्या डोंगलमध्ये असते. एका गावात मी पाहिलं, सरपंचबाईंचा डोंगल पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकत होता आणि पासवर्ड त्याच्याच वहीत लिहिलेला. बाई भाषण छान करायच्या, शिबिरात त्यांना बक्षीसही मिळालेलं. पुढे तालुक्याच्या एका विस्तार अधिकारी बाईंनी त्यांच्या शेजारी बसून पासवर्ड बदलून दिला आणि बिलाबरोबर काय काय मागायचं ते समजावलं. त्यानंतरच्या गटाराच्या बिलाला त्यांनी एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, मागवली, तीत लिहिलेली लांबी वाचली आणि म्हणाल्या, ‘चला, टेप घेऊन जाऊ.’ शाखा अभियंत्याला त्यांच्याबरोबर जावं लागलं. त्या दिवशी गावाला सरपंच मिळाला, असं मी मानते. त्याआधी दीड वर्ष खुर्चीवर फक्त नाव होतं.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. फरझाना आफ्रिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशातल्या रोजगार हमीच्या कामांचा अभ्यास केला. सुरुवातीला महिलांसाठी राखीव पंचायतींत पैशांची गळती जास्त निघाली. नवख्या सरपंचाला भोवतालची यंत्रणा सहज गुंडाळते. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, बायकांना जमत नाही. पण मुदतीतली पुढची वर्षं आणि लेखापरीक्षणाचे अहवाल एकत्र पाहिले, तेव्हा दिसलं की अनुभव वाढेल तसा कारभार सुधारतो आणि या बाया भराभर शिकून पुरुषांच्या बरोबरीला येतात. शिकवलं कुणी? कामाने. म्हणून मी म्हणते, सगळं प्रशिक्षण निवडणुकीनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत उरकू नकोस. प्रश्न पडायच्या आधीच दिलेली उत्तरं लक्षात राहत नाहीत.

दुसरा अभ्यास पश्चिम बंगालमधल्या बीरभूमचा. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा महिलांना मिळाल्या आणि कोणती पंचायत राखीव होणार हे तिथे जवळपास आपल्या सोडतीसारखंच ठरलं. त्यामुळे राखीव आणि खुल्या गावांची तुलना खरी होऊ शकली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांना आढळलं की महिला प्रधान (तिथे सरपंचाला प्रधान म्हणतात) असलेल्या ठिकाणी बायकांच्या गरजेच्या कामांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त खर्च झाला. पुढे याच मंडळींनी आणखी काही जणांबरोबर एक सुंदर प्रयोग केला. प्रधानाचं एकच भाषण, तेच शब्द, पण काहींना पुरुषाच्या आवाजात ऐकवलं, काहींना बाईच्या. जिथे कधी बाई प्रधान झालीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे गावाने बाईचा कारभार पाहिला होता, तिथे हा फरक उरला नव्हता. बाई वर असावी ही आवड काही त्या पुरुषांत आली नव्हती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलंय. पण ती काम करू शकते, हे त्यांना पटलं होतं. मला तेवढं पुरे आहे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ज्या पंचायती लागोपाठ दोन निवडणुकांत राखीव होत्या, तिथे नंतर खुल्या जागेवरही बाया जास्त उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. ४९५ गावांतल्या ११ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना विचारलं, तेव्हा मुलाकडून असलेल्या आणि मुलीकडून असलेल्या अपेक्षांमधली दरी या दोन मुदतींच्या गावांत आईवडिलांमध्ये २० टक्क्यांनी आणि मुलांमध्ये ३२ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. एका मुदतीत हे घडत नाही.

आणि आपण काय करतो? महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांना निम्म्या जागा दिल्या, याचा मला अभिमान आहे. पण दर पाच वर्षांनी सोडत फिरते. बाई कुठे एमबी वाचायला लागली की तिची जागा दुसऱ्या प्रवर्गाला जाते आणि तिला पुन्हा कुणी उभं करत नाही. तामिळनाडूने हेच आरक्षण दोन मुदतींसाठी, म्हणजे दहा वर्षं, ठेवलंय. आपल्याकडे यावर गंभीरपणे बोलायला हवं. तो निर्णय तुझ्या हातात नाही, ठाऊक आहे. पण टिपणी लिहिणं तुझ्या हातात आहे, आणि अशा टिपण्या वरपर्यंत जातात.

तुझ्या आखणीतलं व्यक्तिमत्त्व विकासाचं सत्र मी काढून टाकेन. या बायांनी घर, शेत, बचत गट सांभाळलाय, त्यांना व्यक्तिमत्त्व आहे. त्या जागी पहिल्याच दिवशी प्रत्येकीला तिचा डोंगल घेऊन यायला सांग आणि पासवर्ड तिथेच बदलून घे. एक पूर्ण दिवस तिचा ग्रामसेवक तिच्या शेजारी बसलेला असू दे, दोघांनी मिळून आपल्याच गावाचा विकास आराखडा वाचू दे. गटविकास अधिकाऱ्यांना उद्घाटनाच्या हारतुऱ्यापुरतं बोलावू नकोस, दुपारच्या सत्रात बसव. उरलेला दीड दिवस आता वापरूच नकोस. वर्षाने, पहिली बिलं, पहिली भांडणं, पहिल्या दोनचार ग्रामसभा झाल्यावर त्याच बायांना पुन्हा बोलाव. आणि जुन्या, मुदत संपलेल्या चांगल्या सरपंचबाई तालुक्यातालुक्यात आहेत, त्यांना साधनव्यक्ती म्हणून घे. मानधनाचं लेखाशीर्ष अंदाजपत्रकात आताच टाक, नंतर मिळत नाही.

प्रस्ताव मंजुरीला जायच्या आधी हे बदल कर आणि सुधारलेली प्रत मला पाठव. रजेवर येशील तेव्हा दोन दिवस जास्त राहा, टिपणी आपण मिळून लिहू.

तुझी,
आत्या