पेव्हर ब्लॉकच्या कडा

फाटकापासून पोर्चपर्यंतच्या पेव्हर ब्लॉकमध्ये मधले सहसा हलत नाहीत, हलतात ते कडेचे. चाक कडेवर आलं की शेवटची ओळ बाहेर सरकते, तिला पलीकडून टेकू नसतो. फटी रुंदावतात, पावसात वाळू वाहून जाते आणि त्या पोकळीत मुंग्या घर करतात. मिस्त्री म्हणाला, "काकू, पावडर मारू." ते आमच्या घरी व्हायचं नाही. मुंग्यांनी घर केल्यावर विचार करत बसण्यापेक्षा त्यांना तिथे जागाच होऊ नये हे बघायचं. यत्नाचार मला तरी असाच समजतो.

म्हणून कडेला काँक्रीट घालायचं ठरलं, तेही चातुर्मासाआधी, उन्हाळ्यात. तेव्हा मातीत जीव नसतात असं नाही, कमी असतात. चर खणला, तळाची खडी ठोकली, सरकलेले ब्लॉक दोरी धरून ओळीत बसवले. मग बाहेरच्या अंगाने उतरतं काँक्रीट भरलं, ब्लॉकच्या निम्म्याहून थोडं वर. काठोकाठ भरलं तर त्यावर माती टाकायला जागा उरत नाही. वरवर सिमेंट थापून भागतं म्हणणाऱ्याचं मात्र ऐकू नका, तो थर लवकर तडकतो.

खर्चावरून घरात कुरकुर झाली. ब्लॉक पुन्हापुन्हा उचलून बसवायची मजुरी कागदावर मांडून दाखवली, तेव्हा थांबली.

सात दिवस गोणपाट टाकून पाणी मारलं, गाडी बाहेर रस्त्यावर. शेवटी फटींत कोरडी बारीक वाळू झाडूने लोटली. दिवाळीनंतर ती एकदा परत भरायची आहे.